काही महिने ऑर्डरी बंद ठेवाव्यात म्हणते. बसलेला हात उठतो का?

रंगपेटी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, व्यक्तिचित्रं करते. जलरंग, तैलरंग दोन्ही. घर चालतं ते ऑर्डरींवर. कुणाच्या आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, कुणाचे आजोबा गेलेत त्यांचं भिंतीवर लावायला चित्र, निवृत्त होणाऱ्या सरांना शाळेतर्फे भेट. बहुतेक सगळं व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून. कामाला तोटा नाही. गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत रात्री जागून करावं लागतं.

अलीकडे एक गोष्ट लक्षात आली. बुबुळात उजेडाचा पांढरा ठिपका देतो ना, तो मी फोटोकडे न बघता देते. घड्याळात दहा वाजतात त्या जागी. मग फोटोत उजेड खिडकीतून आलेला असो की ट्यूबलाइटचा. नाकाशेजारची सावलीही ठरलेली, बर्न्ट सिएना आणि त्यात जरासा अल्ट्रामरीन. लोक म्हणतात, हुबेहूब झालंय. पण त्या माणसाकडे माझं लक्षच गेलेलं नसतं.

मला वेगळं काहीतरी करायचंय. काय, ते अजून दिसत नाही. ते दिसावं म्हणून थोडं थांबावं असं फार मनात आहे. घरच्यांचा विरोध नाही, पण काळजी आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बसलेला हात उठतो का? म्हणजे थांबल्यावर अंगात मुरलेलं कसब जातं का? गिऱ्हाईक परत येतं का? आणि थांबलेल्या काळात तुम्ही काय केलंत? ज्यांनी थांबून बघितलंय त्यांनी लिहा, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनीही लिहा.

भवानी_मंडप

बिनधास्त थांबा ताई. फक्त मिसळ थांबवू नका.

स्केचबुक

मी कलाशिक्षक होतो, आता निवृत्त. माझं मत स्पष्ट आहे: थांबू नये. रोज एक पान तरी काढावं. आमच्या वेळी सर आम्हाला मध्यवर्ती बसस्थानकावर पाठवायचे. गाडी लागेपर्यंत माणूस बसलेला असतो, तेवढ्यात तो कागदावर यायला हवा. कधी लक्ष्मीपुरीच्या बाजारात, कधी रंकाळ्याच्या घाटावर. आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ किती वेळा रंगवलं असेल! तेच पाणी, तोच काठ, आणि तरी त्यांची दोन चित्रं एकसारखी नाहीत. नवं दिसायला जागा सोडून जावं लागत नाही, पुन्हा पुन्हा तिथंच बसावं लागतं. तुमचा ठिपका चुकतोय याचं कारण फोटो. फोटो बंद करा, चित्र कशाला बंद करता?

जोडराग

स्केचबुक सर, आदर ठेवून थोडं वेगळं लिहितो. मी गाण्यातला माणूस, तेव्हा उदाहरणही गाण्यातलंच.

अल्लादियाखाँसाहेब तरुणपणी अमलेटा नावाच्या लहान संस्थानात होते. तिथं गाण्याचा अतिरेक झाला आणि आवाज बसला. दीर्घकाळ तो उघडलाच नाही, आणि उघडला तेव्हा आधीचा राहिला नव्हता. पूर्वीसारखं गाता येईना म्हटल्यावर त्यांनी या नव्या आवाजाला मानवेल अशी गायकी बांधली. लयीच्या अंगानं जाणारी, वळणावळणाची, एका सुरातून दुसऱ्या सुरात सरळ न उतरणारी. तीच आज जयपूर-अत्रौली म्हणून ओळखली जाते. पुढे शाहू महाराजांनी त्यांना दरबारी ठेवलं आणि 1922 मध्ये महाराज गेले तोवर खाँसाहेब आपल्या कोल्हापूरचेच होते.

याच घराण्यातल्या किशोरीताई आमोणकरांचाही आवाज तरुणपणी गेला होता. दोनेक वर्षं गाणं बंद. त्या काळात त्यांनी वाचन केलं, गाण्याचा मुळापासून विचार केला. त्यानंतरच्या किशोरीताई आईच्या, म्हणजे मोगूबाईंच्या, गाण्याची नक्कल नव्हत्या. घराण्यातल्या काहींना ते रुचलंही नाही.

दोघांनीही हौसेनं सुट्टी घेतली नव्हती, हे मान्य. पण रियाज अखंड चालू राहिला असता तर हा बदल झाला असता का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

निडवा

मी शेतकरी, करवीर तालुका. चित्रातलं कळत नाही, पण धागा आवडला म्हणून लिहितो. आमच्याकडे उसाची लागण, मग खोडवा, मग निडवा. तेच बुडखे फुटत राहतात, बियाण्याचा आणि मशागतीचा खर्च वाचतो, म्हणून मोह सुटत नाही. पण दर खेपेला टनेज उतरतं. ताईंचा तो ठिपका मला निडव्यासारखा वाटला.

मात्र ऊस काढल्यावर रान कुणी मोकळं टाकत नाही. ताग नाहीतर धैंचा पेरायचा आणि फुलावर यायला लागला की जमिनीला खत म्हणून नांगरून गाडायचा. त्या पिकाचा रुपयाही हातात येत नाही. शेजारी विचारतात, हे काय लावलंय? तर तुम्ही काय पेरणार तेवढं ठरवा.

भवानी_मंडप

निडवा भाऊ, नाद खुळा. आयडीचा अर्थ आज कळला.

बोळातला_पेंटर

सगळं वाचलं. सगळे चांगलं लिहितायत, पण मला एक बोलायचंय. थांबायचं की नाही, हे ठरवायला मिळणं हीच मोठी गोष्ट आहे.

मी पाट्या रंगवायचो. दुकानाचे बोर्ड, ट्रकच्या फाळक्यावरची अक्षरं, तरुण मंडळांचे फलक. सूत मारून दोन रेघा आखायच्या आणि चपट्या ब्रशनं एका दमात अक्षर सोडायचं. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत बोळातले आम्ही सगळे पेंटर घरी बसलो. मला कुणी विचारलं नाही, तुम्हाला बदल हवाय का म्हणून. उद्यमनगरात एका फौंड्रीत लागलो. मुलांची शिक्षणं त्यावर झाली. ब्रश केरोसीनमध्ये धुवून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले होते.

आता राजारामपुरी, ताराबाई पार्कात नवीन पोरं कॅफे काढतात, त्यांना हातानं रंगवलेली भिंत पाहिजे असते. एकानं शोधत येऊन विचारलं म्हणून परत उभा राहिलो. ताईंच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: उभी-आडवी रेघ पहिल्याच दिवशी आली. ळ आणि श यांची वळणं आली नाहीत. मनगट वळायचं, पण ब्रश कुठं उचलायचा ते विसरलं होतं. महिनाभर घराच्या मागच्या भिंतीवर नुसता ळ काढला. मग आला.

आणि खरं सांगतो, आताचं माझं अक्षर पहिल्यापेक्षा बरं आहे. तेव्हा दिवसाला चार बोर्ड उरकायचे असायचे. पण हे सांगून मी तुम्हाला थांबा म्हणत नाही. घरात दुसरा पगार आहे का, हे आधी बघा.

रंगपेटी

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बरोबर बोललात. मिस्टरांचा पगार आहे, आणि माझाही शनिवार-रविवारचा मुलांचा वर्ग आहे, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेचा. तो बंद करणार नाही. घरखर्चाची थोडी शिल्लक बाजूला काढली आहे. एवढं असल्यामुळेच विचार करता येतोय, याची जाणीव आहे.

सर, फोटो बंद करायचं मलाही पटतं, पण आजोबा गेल्यावर आलेल्या नातवाला मी काय सांगू?

निडवा भाऊ, ताग काय लावावा हाच तर प्रश्न आहे.

मनगट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाताबद्दल लिहिते. सरावानं अंगात मुरलेलं कसब सहजासहजी जात नाही. पोहणं, सायकल, टंकलेखन यांतलं काही आपण कायमचं विसरत नाही ते यामुळेच. कमी होतो तो वेग, बारकाव्यातली अचूकता, आणि तासन् तास एका जागी बसून काम करायची ताकद. परत शिकायला लागलं की पहिल्यांदा लागला त्याच्या कितीतरी कमी वेळ लागतो. पेंटर काकांची रेघ लगेच आली आणि वळण उशिरा, हे याच्याशी जुळतं.

धोका परतताना असतो. मोठ्या खंडानंतर लोक उत्साहानं पहिल्याच आठवड्यात पूर्वीइतके तास बसतात आणि अंगठ्याच्या मुळाशी नाहीतर कोपराशी दुखणं घेऊन येतात. तबलजी, शिवणकाम करणाऱ्या बायका, चित्रकार, सगळ्यांचं तेच. तास हळूहळू वाढवा, मधे उठा. आणि ताई, रात्री जागून काम करता म्हणालात, तर आत्ता मनगट दुखतंय का तेही बघा. कधी कधी मन कंटाळलं असं वाटतं तेव्हा हात थकलेला असतो.

सांजरंग

जोडराग यांच्या प्रतिसादाला जोडून दोन चित्रकार.

वासुदेव गायतोंडे. 1984 मध्ये त्यांना अपघात झाला. मोठे कॅनव्हास थांबले, आणि त्या काळात त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटनं केली. पुढे पुन्हा तैलरंगांकडे वळले.

दुसरी अॅग्नेस मार्टिन. नाव झालेलं असताना 1967 मध्ये तिनं न्यूयॉर्क सोडलं, रंगसाहित्य देऊन टाकलं आणि न्यू मेक्सिकोत जाऊन राहिली. काही वर्षं चित्रच नाही, स्वतःच्या हातांनी घर बांधलं. 70 च्या दशकात परत रंगवायला लागली ती शेवटपर्यंत. आधीच्या चित्रांत करड्या, बारीक रेघांच्या जाळ्या होत्या. नंतर फिकट गुलाबी-निळे आडवे पट्टे आले.

स्केचबुक

गायतोंडे माझ्या बाजूचे झाले की! मोठं थांबलं, पण कागदावर हात चालूच होता. मी तेच म्हणतोय.

सांजरंग

आणि मार्टिन माझ्या बाजूची, सर. काहींना थोडं थांबून चालत नाही. कागद समोर आला की हात जुनंच काढतो, कारण त्याला तेवढंच येतं. ताईंनी वहीत चेहरा काढला तर ठिपका तिथंही दहा वाजताच पडेल.

स्केचबुक

मग चेहरा काढू नये. भांडी काढावीत, झाडं काढावीत. वर्गात एखाद्याचा हात फार सराईत झाला की मी त्याला डाव्या हातानं काढायला लावायचो. चित्र वेडंवाकडं यायचं, पण पोरगा वस्तूकडे बघायला लागायचा. रंगपेटी ताई, हे आज रात्रीच करून बघा.

आकार

मी पुण्यात ग्राफिक डिझायनर, मूळचा इचलकरंजीचा. आमच्या धंद्यात स्टीफन सॅगमायस्टरचं उदाहरण सगळे देतात. तो दर 7 वर्षांनी आपला स्टुडिओ वर्षभर बंद ठेवायचा. पण पहिल्या वेळी त्यानं मुद्दाम काही ठरवलं नव्हतं, मोकळं राहायचं म्हणून. झालं असं की किरकोळ कामांत वेळ जायला लागला. मग त्यानं करायच्या गोष्टींची यादी केली, आठवड्याचं वेळापत्रक आखलं, आणि तेव्हा गाडी रुळावर आली.

आपल्याकडे हे जास्तच लागू पडतं. तुम्ही घरी आहात असं कळलं की बँकेची कामं, पाहुणे, भाच्याची शाळा सगळं तुमच्याकडे येतं. विशेषतः बाईकडे. सकाळचे दोन तास तरी दार लावून घ्या आणि ते घरात आधीच सांगून ठेवा.

रंगपेटी

शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून धन्यवाद. हे कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

शाडू

आमचा बापट कॅम्पात मूर्तीचा कारखाना. आम्हाला थांबा दरवर्षी मिळतो, अनंत चतुर्दशीनंतर. नवरात्रातल्या देवी गेल्या की कारखाना रिकामा. बाहेरच्यांना वाटतं तेव्हा आम्ही झोपा काढतो. खरं नवीन काम तेव्हाच होतं. सीझनमध्ये साच्यातून गणपती निघत असतात, चेहरा बदलायला सवड कुठे? त्या मोकळ्या दिवसांत वडील एकच मूर्ती शाडूत हातानं घडवायचे. जमली तर तिचा साचा, नाही जमली तर माती परत भिजत. कितीतरी परत भिजत गेल्या. सोंडेचं वळण, कानाचा पाळा, पाटावरचा पाय, सगळं त्या दोन महिन्यांत ठरायचं आणि पुढे वर्षभर त्यावर कारखाना चालायचा.

हाताचं म्हणाल तर, आमच्यात सगळ्यात अवघड डोळ्यांची आखणी. खंडानंतर पहिल्या मूर्तींची आखणी मी करत नाही. आधी फुटक्या मूर्तीवर रेघ ओढून बघतो, पुसतो, परत ओढतो. वरची पापणी एका श्वासात आली की मग खऱ्या मूर्तीकडे जातो.

जोडराग

शाडू, हे फार मोलाचं लिहिलंत. तुमच्याकडे थांबा कॅलेंडरातच आहे, म्हणून कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. गवयाला आणि चित्रकाराला तो स्वतः मागून घ्यावा लागतो.

पंचगंगाकाठ

2019 च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. जलरंगातली चित्रं गेलीच. कॅनव्हास राहिले, पण चौकटी फुगल्या आणि पाठीमागून बुरशी आली. पाणी उतरल्यावर गाळ काढताना एक एक उचलून उन्हात ठेवत होतो. त्यानंतर बराच काळ काही काढावंसं वाटलं नाही. माझं परत सुरू झालं ते चारकोलनं, कारण रंग विकत घेऊन घरात साठवायची भीती वाटायची. अजूनही चारकोलच करतो, आणि आता ते मनापासून आवडतं. ताई, तुमचा बदल तुम्ही ठरवून करताय. घाई करू नका, एवढंच.

भवानी_मंडप

काळजी घ्या दादा.

अवांतर: माध्यम बदलण्यावरून बाबूराव पेंटर आठवले. सुरुवात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यापासून. मग नात्यातल्याच आनंदराव पेंटरांबरोबर सिनेमाचं वेड. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' आणला. कंपनी संपल्यावर परत चित्रं आणि शिल्पं. आमचे आजोबा पडद्यांबद्दल सांगायचे की महाल रंगवला तर आत चालत जावंसं वाटायचं. ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली त्या रात्री मी तिथंच उभा होतो. आजूबाजूला म्हातारी माणसं रडत होती.

स्केचबुक

त्या रात्री मीही होतो तिथं. भेटलो असतो तर ओळख झाली असती.

चंद्रकांत मांडरे यांचंही इथंच सांगतो. सिनेमात एवढं नाव, पण चित्र सोडलं नाही. रंगीत पावडर बोटानं कागदावर घासून केलेली त्यांची निसर्गचित्रं राजारामपुरीतल्या संग्रहालयात आहेत. ताई, तुमच्या घराजवळ आहे. बघितलं नसेल तर जाऊन या.

चौकट

माझं फ्रेमचं दुकान आहे, ताईंच्यासारख्या बऱ्याच जणांची चित्रं माझ्याकडे येतात. दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

गिऱ्हाईक जो फोन उचलतो त्याच्याकडे जातं. हे कटू आहे, पण असंच आहे. न सांगता गायब झालेल्या कलाकाराबद्दल लोक मला विचारतात, बरे आहेत ना, आणि मग दुसऱ्याचा नंबर मागतात. सांगून थांबलेल्याचं वेगळं असतं. अमुक महिन्यापर्यंत काम घेत नाही असं स्टेटस ठेवा, फोन उचला आणि दुसऱ्या चांगल्या चित्रकाराचं नाव द्या. दुसऱ्याचं नाव देणाऱ्याकडे लोक परत येतात. वर्षश्राद्धाच्या चित्राला तारीख असते, तिथं कुणी थांबू शकत नाही. त्या ऑर्डरी एखाद्या होतकरू पोराला द्या. त्या नातवाला काय सांगायचं, तर हे सांगायचं.

आणि परत याल तेव्हा काम बदललेलं असेल. काही जुनी गिऱ्हाइकं म्हणतील, आम्हाला ते पहिल्यासारखंच पाहिजे. त्यांना नाही म्हणायची तयारी आत्ताच ठेवा. माझ्या पाहण्यात बरेच जण थांबतात, बदलतात, आणि पहिल्याच जुन्या ऑर्डरीला होय म्हणून मागच्या जागी येतात.

सांजरंग

चौकट यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं शंभर टक्के अनुमोदन. थांबायचं कसं यावर आपण एवढं बोललो, परतायचं कसं यावर कुणीच बोललं नव्हतं.

रंगपेटी

सगळ्यांचे आभार. चार दिवस यावर घरातही बोलणं झालं. ठरलं ते लिहिते.

घेतलेल्या ऑर्डरी दिवाळीपर्यंत पुऱ्या करणार. त्यानंतर अक्षय्य तृतीयेपर्यंत नवीन घेणार नाही. मुलांचा वर्ग चालू. वर्षश्राद्धाची आणि घाईची कामं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला देणार, त्याचा हात चांगला आहे आणि त्याला गरजही आहे. तसं स्टेटस कालच ठेवलं. लगेच दोघांनी विचारलं, तब्येत ठीक आहे ना!

सर आणि सांजरंग, तुमच्या वादात मी कुणाच्या बाजूनं ते अजून ठरत नाही. पण डाव्या हातानं काढून बघितलं. घरातलं पितळी तपेलं काढलं, काठ सरळ येईना, आणि त्या काठावर खालून चुलीच्या बाजूचा उजेड परत वर येतो हे पहिल्यांदा दिसलं. म्हणून निदान सुरुवातीला चेहरे अजिबात नाहीत, आणि उजवा हातही नाही. सकाळी सात ते नऊ दार बंद. मनगट ताई, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, बरोबर ओळखलंत. पुढच्या आठवड्यात दाखवून घेते.

पेंटर काका, एक विनंती. मला अक्षरं शिकवाल का? मला त्यातलं काहीच येत नाही, म्हणून हवंय. फी काय ते सांगा.

निडवा

हा ताग झाला ताई.

बोळातला_पेंटर

फी कसली. रविवारी तुमचा वर्ग असतो, तर सोमवारी सकाळी या. चपटा ब्रश माझ्याकडे आहे, भिंतही आहे. एनॅमल पेंट अंगावर उडतो, जुने कपडे घाला. पहिला महिना नुसत्या उभ्या रेघा, आधीच सांगतो. बोळात गाडी येत नाही, बाहेर लावून चालत या.